तारप्याला घातलेली अंघोळ

मी एकदा तारपा धुतला. चुकून पाणी सांडलं असं नव्हे. चांगलं बसून, चुलीवर पाणी तापवून, कपड्याच्या साबणाचा फेस करून, नारळाच्या शेंडीने घासून घासून धुतला, आणि मग लोणच्याची बरणी वाळत घालावी तसा अंगणातल्या दगडावर उन्हात पालथा घातला. ज्यांना तारपा माहीत आहे त्यांनी एव्हाना कपाळावर हात मारला असेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात खुपसलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला कर्णा, असं ते फुंकून वाजवायचं वाद्य. डोंगराकडच्या पाड्यांवर भात कापून झालं की त्याच्या तालावर नाच चालतो. आणि हे सगळं एकमेकांना धरून असतं ते फक्त मेणाने. मेणावर कढत पाणी ओतलं की काय होतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तर इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झालेली होते. शास्त्र विषयात मला बक्षीससुद्धा मिळालेलं होतं, वेताची करंडी.

ही करंडीवाली करुणाबाई तेव्हा काय चीज होती ते आधी सांगायला हवं, म्हणजे पुढे तिच्यावर जे ओढवलं त्याचं तुम्हाला वाईट वाटणार नाही. भातसानगरला धरणाच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. पप्पा धरणाच्या ऑफिसात होते. मुंबई आमचं पाणी पिते, असं ते अशा थाटात सांगत की जणू रोज सकाळी तेच खांद्यावरून कळशी पोचवून येतात. आई घरभर फिनेल ओतायची. पाहुणा उंबऱ्यातच शिंकला म्हणजे घर स्वच्छ आहे, अशी तिची खूण होती. मी त्या वासात वाढले. मला शेणाची किळस यायची, सुक्या मासळीची यायची, कोणाच्या डोक्याच्या तेलाची यायची, दुसऱ्याने उष्टावलेल्या पेल्याची तर इतकी की चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी एकच प्याला सगळ्यांच्या ओठांवरून फिरत यायला लागला, की मी रुमालात खोकल्याचं नाटक करून मधूनच उठून जायचे. देवाला हे दिसत असणार, पण त्यालाही पटत असेल असं मी धरून चालले होते.

अशात कल्याणच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीतून निरोप आला, की तरुण पोरापोरींत काम करायला परदेशातून एक बाई येते आहे, ती खर्डीला राहणार, आणि तिच्या सोबतीला इंग्रजी येणारी मुलगी हवी. मी लगेच हो म्हटलं. परदेशातली बाई म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे सोनेरी केस, निळे डोळे, पियानो आणि केक. तिच्या हाताखाली वर्षभर राहायचं, तिच्यासारखं काट्याचमच्याने जेवायचं आणि मग जमलं तर तिच्याबरोबर तिकडेच जायचं, इथपर्यंत मी बेत आखला होता. पप्पा मला घेऊन खर्डी स्टेशनावर गेले. मी इस्त्रीचा फ्रॉक घातला होता. गाडी थांबली, चार माणसं उतरली, आणि त्यांत एक बुटकी, काळीसावळी, चपट्या नाकाची, रबरी चपला घातलेली बाई, पाठीवर गिटार. मी तिच्या डोक्यावरून मागे मेमसाहेबाला शोधत राहिले. बाहेरच्या रिक्षावाल्याने तर तिला सरळ विचारलं, “कुठल्या पाड्याला जायचं गो बाय?” ती हसली. खालचे दात थोडे वेडेवाकडे होते. फिलिपिन्स नावाच्या बेटांवरून ती आली होती. नाव लिगाया. माझा केक तिथेच फलाटावर पडला.

आम्हाला गंगूमावशीचं अर्धं घर भाड्याने मिळालं होतं. गंगूमावशी एकटी राहायची, दोन म्हशी आणि शब्दाशब्दाला खेकसणं हा तिचा संसार. मधली भिंत कुडाची, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. पलीकडे म्हैस शेपटी आपटायची ते इकडे ऐकू यायचं आणि इकडे मी नाक शिंकरलं की पलीकडून मावशी विचारायची, “सर्दी झाली का गो करुने?” लिगाया सकाळी उठली की तोंड धुवायच्या आधी ओट्यावर गिटार घेऊन बसायची. ती प्रार्थना मोठ्याने करत नसे, तारा छेडत करत असे. कधी एकाच सुरावर घुटमळत राही, कधी मावशीच्या रवीची घुसळण ऐकून तोच ताल धरी. मावशी रवी थांबवायची, ही गिटार थांबवायची. मावशी परत सुरू करायची, ही परत. शेवटी मावशी ओरडायची, “बाई, मला ताक करू दे!” आणि दोघी हसत सुटायच्या. मी आत उशीत डोकं खुपसून पडलेली असायचे. देवाशी बोलताना ताकाचा ताल धरणं मला फार हलकं वाटायचं.

पण खरी परीक्षा चुलीपाशी होती. लिगाया भात खायची, हाताने, पाय पसरून, आणि भाताबरोबर सुका बोंबील. निखाऱ्यावर टाकलेल्या बोंबलाचा वास आला की ती डोळे मिटून घ्यायची. आईच्या घरी गेल्यासारखं वाटतं, म्हणायची. हे एक वेळ चाललं असतं. तिने बाजारातून ओला जवळा आणला, मिठात कालवला आणि बरणीत दाबून खिडकीत ठेवला. आठवड्यात त्याला असा वास सुटला की मांजरसुद्धा एकदा हुंगून लांब गेलं. ती त्याचा बोटभर लगदा भातावर घ्यायची. दुसऱ्या बाटलीत ताडी ठेवली होती, आंबवायला. तिच्या देशात म्हणे तिचा असाच शिरका करतात. खर्डीभर बोभाटा झाला, की ख्रिस्ती बाई खिडकीत दारू ठेवते. मी गंगूमावशीला समजावायला गेले, की मावशी, ती पीत नाही, तो शिरका आहे. मावशी म्हणाली, “पीत असली तर माजं काय जातं? तिला आमचं जेवान चालतं, आमची चूल चालते. तुलाच काय गो होतं? पोटूशी बाईसारखी नाकाला पदर लावून बसतस!” मला पदर नव्हता, फ्रॉक होता, पण मुद्दा कळला. मी तो मनावर घेतला नाही.

दुपारी आमचं काम असायचं. भात कापून झालेल्या खाचरांतून, टोचणाऱ्या सडांवरून, आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावर जायचो. मोहाच्या झाडाखाली पोरंपोरी जमायची. लिगाया त्यांना गाणी शिकवायची, एका बाजूला पोरगे, दुसऱ्या बाजूला पोरी, एकाचा सूर खाली, एकाचा वर. मी दुभाषी. तिच्या साध्या वाक्याचं मी असं काही मराठी करायचे की पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. ती म्हणायची, देव तुमच्यावर खूश आहे. मी म्हणायचे, परमेश्वराची प्रसन्नता तुम्हांवर स्थिर आहे. एक पोरगी एकदा हळूच म्हणाली, “ही करुणाबाय काय बोलतं तं लिगातायला इचारा रं.” आणि लिगाताय सांगायची, तिच्या मोडक्या मराठीत, जी ती माझ्याकडून नव्हे, गंगूमावशीकडून शिकत होती. ‘नाय’ म्हणायची, ‘आमी’ म्हणायची, वाक्याच्या शेवटी ‘गो’ लावायची. मी तिला शंभरदा सांगितलं, की हे अशुद्ध आहे. “मग तुजं शुद्ध कोन समजतं गो?” असं तिने एकदा विचारलं, अगदी मावशीच्या आवाजात. वर्षभरात पाड्यावर एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही, हेही सांगून टाकते. लोक गाण्याला यायचे. लिगायाला त्याची काळजी नव्हती. कल्याणच्या वडीलमंडळींना होती.

गाण्यानंतर कोणीतरी नाचणीची भाकर आणायचं, कोणी खेकड्याची चटणी, आणि सगळ्यांचं पाणी एकाच डोणीतून, म्हणजे तिथल्या पाण्याच्या भांड्यातून. लिगाया सगळ्यांत बसून खायची, तीच डोणी तोंडाला लावायची. मी माझ्यापुरतं वर्तमानपत्र पसरून बसायचे, डब्यातली पोळी खायचे आणि उकळलेल्या पाण्याची बाटली उंच धरून वरून घशात ओतायचे. इथे जरा थांबते. माझ्या पप्पांची आई नगरकडची. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर तिला चढू देत नसत. खाली बसून ओंजळ धरायची आणि वरून कोणीतरी लांबूनच पाणी ओतायचं, भांडं हाताला लागू नये म्हणून. ही गोष्ट आजीने मला सांगितली तेव्हा मी रडले होते. आणि तीच मी, तिची नात, पाड्यावरच्या लोकांसमोर बाटली उंच धरून बसत होते. त्या मुलीला आता समोर उभी केली तर मी तिच्या मुस्काटात मारणार नाही. मारायला तिला हात लावावा लागेल, आणि मला तिची किळस येते.

पाड्यावरचा तारपा जानूबाबाचा होता. जानूबाबा म्हणजे कोणी गरीब बिचारा म्हातारा समजू नका. कमरेला लंगोटी, डोक्याला लाल फडकं, तोंडात एकही दात नाही आणि ऐट अशी की भातसा धरणाचं पाणी त्याला विचारून सोडतात. आपसांत ते लोक आपल्या बोलीत बोलत, आमच्याशी बोलताना जरा आमच्याकडे सरकून. लिगायाची गिटार त्याने पहिल्या दिवशी हातात घेतली, उलटी केली, आत डोळा लावून बघितलं आणि परत दिली. “हिला प्वाट हाय, पन वारा नाय,” म्हणाला. “मंजे मेलेली हाय.” लिगाया त्यावर इतकी खूश झाली की तिने त्याचा तारप्याचा सूर तिथल्या तिथे गिटारवर काढून दाखवला. म्हातारा चिडला. मग परत वाजव म्हणाला. मग स्वतः वाजवला, जरा वळण देऊन, हिला चकवायला. तिने तेही काढलं. तेव्हापासून त्यांचं ते भांडण रोज चालायचं आणि पाडाभर लोक ते ऐकायला बसायचे. पोरं लिगायाकडे यायची ती जानूबाबाने येऊ दिली म्हणून. तो रुसला असता तर पाडा रुसला असता.

त्याचं एक दुखणं होतं. मुलगी मुरबाडकडे दिली होती, आणि तिचा सासरा, म्हणजे बाबाचा व्याही, तोही तारपेवाला. मागल्या वर्षी त्या व्याह्याने भरल्या मांडवात म्हटलं होतं, “जानूचा आता वारा सपला. त्याला आता चुलीत फुकायला ठेवा.” ते जानूबाबाच्या जिव्हारी बसलं होतं. यंदा व्याही म्हशाच्या जत्रेला बैल घ्यायला जाणार होता आणि परतताना सगळ्या गोतावळ्यासकट पाड्यावर उतरणार होता. जानूबाबा रोज सांगायचा, त्या दिवशी सांज झाली की तारपा हाती धरीन आणि व्याह्याचे पाय मोडेपर्यंत नाचवीन. तारपा दरवर्षी नवा भोपळा वाळला की नवा बांधायचा. यंदाचा त्याने स्वतः बांधला होता, आणि त्याच्या मते असा आवाज त्याच्या बापाच्या तारप्यालाही नव्हता.

व्याही यायच्या आदल्या सकाळी तो खर्डीच्या बाजारात आला. तारपा खांद्यावर, कारण ही ऐट बाजाराला दाखवायची होती. पण पुढे त्याला ताडीवाल्याकडे जायचं होतं, आणि तिथे धक्काबुक्की होते हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं. त्याने तारपा आमच्या ओट्यावर लिगायाच्या हातात दिला. “उद्या दुपारी घिवून ये पाड्याला. फुकून बग वाटलं तर. बायका फुकीत नाय, पन तू काय बाई नाय, तू पाव्हनी हायस.” आणि गेला.

लिगायाने तो मांडीवर घेतला, भोपळ्याच्या भोकाला तोंड लावलं आणि फुंकलं. नुसता वारा. परत फुंकलं. कर्ण्यातून म्हशीने सुस्कारा टाकावा तसं काहीतरी निघालं. ती हसली, गाल फुगवून जोर लावला, आणि मी काय बघते, तर नळीच्या भोकातून थुंकीची तार खाली लोंबते आहे. कोणाची होती ती? तिची? जानूबाबाची? भोपळ्यात साठलेली किती दिवसांची? मला ओकारी यायला लागली. तेवढ्यात तिने तारपा माझ्याकडे केला. “घे, तू बघ. तुझे गाल मोठे आहेत.” मी उठून मोरीपाशी गेले. ती मागून म्हणाली, “काय झालं गो?” मी साबणाने हात धुवायला घेतले. तिच्या ओठांच्या कडेला त्या काळ्या मेणाचा डाग लागला होता आणि ती तशीच जेवायला बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिगाया शहापूरला गेली, पोरांसाठी काही वस्तू आणायच्या होत्या. तारपा खुंटीला होता. मी केर काढला, बरणीला शिवीगाळ केली, आणि माझी नजर परत परत त्या खुंटीकडे जायला लागली. माझ्या मनात वाईट काही नव्हतं. उलट मला फार थोर वाटत होतं. मी म्हटलं, आपण ह्या लोकांना एवढी तरी सेवा देऊ. म्हाताऱ्याला चकित करू. तारपा असा लख्ख करू की त्याला वाटेल नवाच आहे. चुलीवर पाणी चढवलं. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. एवढं फक्त राहिलं, की घासताना मी गात होते.

पाणी काळं निघालं तेव्हा मी समाधानाने मान हलवली, की बघा, किती मळ. तो मळ नव्हता, मेण होतं. नळ्या हलायला लागल्या तेव्हा मला वाटलं, आता आतूनही धुता येईल. मी त्या उपसून काढल्या. ताडाच्या पानाचा कर्णा आपला आपण उलगडत गेला आणि भिजलेल्या वेणीसारखा अंगणात पडला. हे सगळं नंतर जुळवता येईल अशी माझी बालंबाल खात्री होती. आईचा स्टोव्ह मी जुळवायचे तसं. गंगूमावशी म्हशीला वैरण घालून आली, दगडापाशी थांबली. पायाच्या अंगठ्याने तिने ती ओली पानं जरा सरकवून बघितली.

“ह्ये काय गो?”

“धुतला,” मी म्हटलं. “फार घाण झाला होता.”

“तारपा धुतलास?” ती खाली बसली. “अगो, तुज्या आईनं तुला कदी धुतली का नाय? टकुऱ्यातून?”

लिगाया दुपारी आली. ती रागावेल, ओरडेल, म्हणून मी मनात उत्तरं जुळवून ठेवली होती, जंतू वगैरे. ती ओरडली नाही. एकेक नळी उचलून तिने आत बघितलं. मग मावशीची पाटी मागून घेतली, त्यात सगळं ठेवलं, भोपळा, नळ्या, ती ओली पानं, आणि पाटी माझ्या डोक्यावर दिली. मी आयुष्यात डोक्यावर पाटी घेतली नव्हती. “आज तू बोलायचं,” ती इंग्रजीत म्हणाली. “मी एक शब्द बोलणार नाही. आज मला दुभाषी नको, आणि तुलाही मिळणार नाही.” सबंध वाटेने ती पुढे आणि मी मागे. गिटार तिने घरीच ठेवली होती.

पाड्यावर शेणसडा पडला होता. बायका पानं पुसत होत्या, मोठ्या पातेल्यात काहीतरी शिजत होतं. जानूबाबा अंगणात नवं फडकं बांधून बसला होता. मी पाटी उतरवली आणि माझं शुद्ध मराठी एकदम संपून गेलं. ‘क्षमस्व’ असा एक शब्द तयार केला होता, पण तो इथे कोणाला कळणार? मी म्हटलं, “बाबा, मी धुतला.”

त्याने पाटीत बघितलं. मग माझ्याकडे. मग परत पाटीत. आजूबाजूला बायका गोळा झाल्या. त्याची म्हातारी पुढे आली आणि तिने तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही, ते मला फार भयंकर वाटलं. हसले असते तर बरं झालं असतं.

“का?” जानूबाबाने विचारलं.

मी काय सांगणार? तुमच्या थुंकीची किळस आली म्हणून? पण म्हातारा वेडा नव्हता. त्याने माझं ते वर्तमानपत्र, ती उंच धरलेली बाटली, सगळं रोज बघितलेलं होतं. “हं,” म्हणाला. भोपळा उचलला, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली, हुंगला. “साबनाचा वास मारतं. लगीन लावायला काडला का याला?” आता मात्र एक पोरगी फिसकन हसली, आणि त्याने तिच्याकडे असं बघितलं की ती आत पळाली. “व्याही सांजेला येतं. आन म्या काय फुकू? सूप?”

लिगाया पुढे सरकली आणि गुडघ्यांवर बसली, हात जोडले. बाबाने तिच्याकडे बघितलंही नाही. मग तो उठला. आढ्यात हात घालून धुराने काळं झालेलं मेणाचं ढेकूळ काढलं, आग्या मोहळाचं, त्यात मेलेल्या माशांचे पाय आणि पंख तसेच. कोयता काढला, नळ्यांच्या आतल्या, सूर काढणाऱ्या जिभा अंगठ्याने चाचपल्या, एक तासली. ताडाची नवी पानं आणायला त्याने पोरं पिटाळली. त्याचे हात चालायला लागले तेव्हा मला वाटलं, सुटले. मग त्याने मेणाचा लचका तोडला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि हिरड्यांनी चघळायला लागला. थंडीच्या दिवसांत ते मेण दगडासारखं होतं. विस्तवावर धरलं तर वाहून जातं, चावून मऊ केलं तर बेताचं होतं, हे मला मागाहून कळलं. तो चघळतो आहे, गाल हलताहेत, मेण काही मऊ होत नाही. दरवर्षी ते म्हातारी चावायची, पण यंदा तिचा वर एक आणि खाली एक दात उरला होता आणि त्यांची गाठ पडत नव्हती.

लिगायाने हात पुढे केला, मी चावते म्हणून. “तू नाय,” जानूबाबा म्हणाला. त्याने तोंडातला गोळा काढला, ओला, काळा, चकाकणारा, त्यावर त्याच्या हिरड्यांचे ठसे. आणि तो माझ्यासमोर धरला. “जिनं धुतला ती. दात हायेत ना चांगले? चाव.”

मला पळता आलं असतं. खर्डी लांब नव्हती. पण समोरच्या टेकडीच्या अंगाला, खाचरांच्या बांधावरून, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज यायला लागला होता आणि गोळा पुढे धरून म्हातारा तिकडेच बघत होता. मला वाटलं होतं तो रागावला आहे. त्याला भीती वाटत होती. व्याही सगळ्या गोतासमोर काय बोलेल, त्याची. एवढ्या ऐटीच्या माणसाला घाबरलेलं मी प्रथमच बघत होते, आणि घाबरवणारी मी होते. मी तो गोळा घेतला आणि तोंडात टाकला.

चव सांगते. आधी धूर. मग कडू. मग कुठूनसा किंचित मध. आणि ह्या सगळ्याखाली जानूबाबा, तंबाखूसकट. एक पंख माझ्या जिभेला चिकटला. पोटातून सगळं वर आलं आणि मी ते परत गिळलं, कारण सगळा पाडा माझ्या तोंडाकडे बघत होता. चावत गेले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. गोळा मऊ झाला की तो हात पुढे करायचा, मी त्यात थुंकायचे, तो नळीभोवती बसवायचा आणि दुसरा लचका तोडून आधी स्वतः चघळून मला द्यायचा. का आधी स्वतः, ते मी आजवर सोडवू शकले नाही. माझी नात म्हणते, “आजी, त्याने तुझी गंमत केली.” असेल. ही नात मैत्रिणीच्या कानातली यंत्रं स्वतःच्या कानात घालते. तिला ह्या गोष्टीत किळसवाणं असं काही दिसतच नाही. मला अजूनही दिसतं. मला कोणी सुधारलेली म्हणू नका. मी फक्त चावलं.

कर्णा बसला. नळ्या बसल्या. आता शेवटचा सांधा भोपळ्यापाशी. त्याचे दोन्ही हात मेणात रुतलेले, दाब सोडता येईना, आणि वारा कुठून सुटतो ते बघायला कोणीतरी फुंकायला हवं. “फुक,” म्हणाला.

“बायका फुंकत नाहीत ना?” मी शेवटची पळवाट काढली.

“बायका धुत पन नाय,” म्हातारी मागून म्हणाली.

मी वाकले आणि त्या भोकाला तोंड लावलं. फुंकलं. काही नाही. “प्वाटातून,” बाबा म्हणाला. परत फुंकलं. त्याने अंगठा सरकवला, मेण दाबलं. तिसऱ्या खेपेला तारपा एकदम हंबरला. माझ्या दातांतून, कवटीतून, छातीतून तो आवाज गेला आणि मी दचकून मागे पडले, सारवलेल्या ओल्या शेणात, फ्रॉकसकट. आता मात्र पाडा हसला. लिगाया तर पोट धरून हसली, पार आडवी झाली, आणि त्या दिवशीचा अबोला तिथेच सुटला.

बैल अंगणाच्या तोंडाशी आले. जानूबाबाचा व्याही पुढे होता, बाबाहून थोडा तरुण, मिशीवाला. त्याने आवाज ऐकला होता. “जानू, वाजवतं का नुस्ता आवाज काडतं?” असं त्याने तिथूनच विचारलं. पोरापोरींनी एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी धरली. जानूबाबा उठला, फडकं सारखं केलं, तारपा उचलला, सगळ्यांवरून नजर फिरवली, गाल फुगवले, भोक तोंडापाशी नेलं, आणि थांबला. तोंड वेंगाडलं. तारपा लांब धरला आणि शेणात बसलेल्या माझ्याकडे बघून म्हणाला,

“वाजवतो मी, वाजवतो. पन आदी चुलीतली राख आन गो पोरी, नि ह्ये भोक घासून दे. तुजी थुकी लागलीय त्याला.”